कोरडी बाटली

इनास ड्रायव्हर चोर्ल्याचा घाट चढून येतो
तेव्हा त्याच्या सीटमागच्या पोत्यात
गोव्याच्या रिकाम्या बाटल्या किणकिणत असतात.
जांबोटी क्रॉसला गाडी दोन मिनिटं थांबते.
मी पोतं उतरवते, त्याच्या हातात भाजक्या काजूंचं पुडकं देते.
हिशेब आमचा कधी नीट झाला नाही.

रम, जिन, फेणी.
राखेच्या पाण्यात तीन दिवस,
मग कुंपणाच्या काठ्यांवर उलट्या, चैत्रभर.
वाटेनं जाणाऱ्या परक्याला वाटावं
ह्या घरात माणसं पितात तरी किती!

आम्ही फक्त भिरंडांना साखर पाजतो.
फोडायची, गर आणि बिया वेगळ्या
(बिया टाकू नयेत, माघात टाचा फुटल्या की कळतं),
सालीच्या वाट्यांत साखर दाबायची,
बरणीत थरावर थर,
तोंडाला जुन्या धोतराचं फडकं.
नऊ उन्हं.
थेंबभर पाणी नाही. ओला चमचा नाही.
ओल्या केसांनी कुणी आली
तर तिला मी पडवीतूनच परत धाडते,
मग थोरली जाऊ का असेना.

एका वर्षी घाई केली.
सातवं ऊन, आभाळ दाटलेलं,
गाळलं, भरलं, बुचं मारून मोकळी झाले.
मध्यरात्री धाडकन!
सासरे ओरडत उठले, रानडुकरावर बार काढला कुणीतरी.
कंदील धरला तर
फळीपासून जमिनीपर्यंत सगळं लालभडक,
आणि बूच कुठंच नाही.
ते पावसाळ्यात सापडलं, कौलांत,
जिथून गळत होतं तिथं.

हिरेमठ बाई तेव्हा शेजारच्या खोलीत भाड्यानं.
कन्नड शाळेवर होत्या.
पहिली बाटली मी त्यांना नेऊन दिली.
त्यांनी उजेडात धरली, रंग बघून हसल्या,
आणि अंगठा माझ्या चिठ्ठीखालच्या
काचेत उठलेल्या अक्षरांवर थांबला.
"हे कशाचं बाटली?"
खोटं बोलता आलं असतं.
त्यांनी ती खाली ठेवली,
दुसऱ्याचं झोपलेलं मूल ठेवावं तशी.
दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून
सलाइनच्या दोन काचेच्या बाटल्या घेऊन आल्या.
"ह्यात घाल."
सुईनं टोचलेलं रबर चालतं,
दारू प्यायलेली काच चालत नाही!
मनात म्हटलं, आणि भरून दिल्या.
चिठ्ठीवर मी लिहिलं भिरंड, त्यांनी मुरगल.
त्यांची अक्षरं गोल, फळासारखी,
माझी दोरीवर वाळत घातलेली.

मग त्यांची अथणीला बदली झाली.
तिकडं मुरगल नाही, सावलीही बेताची.
दोन वर्षं काही निरोप नाही.
तिसऱ्या जूनला, शाळा उघडल्यावर,
कंडक्टरच्या हातून कागद आला:
पाऊस नाही. प्रार्थनेला मुलं घेरी येऊन पडतात.
पाठव. कशातही पाठव.
'कशातही'खाली रेघ.

बारा पाठवल्या.
बाराही इनासच्या.

दिवाळीत परत आल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या,
जड.
एकेकीत गळ्यापर्यंत जोंधळा,
बोटभर तोंडातून नरसाळ्यानं सोडलेला.
रिकामं भांडं परत देऊ नये
हे त्या माझ्याकडून शिकल्या
की त्यांच्याही घरात असंच होतं,
विचारायचं राहिलं.
आठवडाभर भाकऱ्या झाल्या.

ह्या चैत्रात बाटल्या पुन्हा काठ्यांवर.
एक वाजते.
आत, खांद्यापाशी, एकच दाणा.
उलटी केली, आपटली, तार घालून बघितली.
इनास म्हणतो, फोड गे, दुसरी आणतो.

अकरा भरल्या.
बारावी खिडकीत आहे,
तिला बूच लावलेलं नाही.