पंगत

इंदूर, झोन ऑफिस, खिडकी क्रमांक चार.
दुपारी पावणेतीनला कमला बोरासी उभी राहिली
दोन हातांत दोन मुली धरून,
आणि पुराणिकबाई म्हणाल्या,
"यहाँ तो एक ही दिखा रहा है."

एकच. मुलगी. पहाटे चार वाजून सात.
आईचं नाव बरोबर, तारीख बरोबर.
"और ये?"
कमलाने दुसरीला जरा पुढे ढकललं.
दुसरी रिबीन चावत होती.

मला वरच्या मजल्यावरून बोलावलं.
फंक्शन माझंच,
तीन वर्षांपूर्वी मार्चअखेरच्या घाईत लिहिलेलं:
आईचं नाव घे, तारीख घे,
टेबलात शोध, सापडेल ते घेऊन ये.
चूक नव्हती त्यात.
म्हणजे लाल अक्षरं कधी उमटली नाहीत.
परत काय आणायचं, तिथे मी 'नोंद' म्हटलं होतं,
'नोंदी' म्हटलं नव्हतं.
त्याने पहिली ओळ उचलली,
बाकीच्या तिथेच ठेवल्या,
निमूट.

रामबागेत मंडळाच्या जेवणावळीला
मी बारा वर्षांचा वाढपी होतो.
वरणाचं भांडं घेऊन निघालो,
पहिल्या पानावर वाढलं
आणि वळलो थेट स्वयंपाकघराकडे.
दारात दिघेकाका.
"पंगत बसलीय ना रे!
एका पानाला वाढून कुणी परत येतं?
पुढचं पान, मग त्याच्या पुढचं.
पान संपली की मग फीर."
पान मांडायलाही त्यांनीच शिकवलं:
मीठ वर, मधोमध,
डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर,
भाजी उजवीकडे.
ज्याला कोशिंबीर नको
त्याची जागा रिकामी राहू दे,
भाजी तिथे सरकवायची नाही.

पुराणिकबाईंच्या खुर्चीत बसलो.
गादी गरम होती.
बदल म्हणाल तर एका शब्दाचा,
आणि रकाने ओळीने मांडले:
नाव, लिंग, वेळ, वजन.
कळ दाबली.

दोन ओळी.
चार सात. चार अकरा.
दुसरीचं वजन एक किलो नऊशे.
नावाचा रकाना दोघींचा रिकामा.
"नाम?" बाईंनी विचारलं.
कमला बोलायच्या आत
रिबीन तोंडातून काढून ती म्हणाली,
"चाँदनी."
मग बहिणीचंही तिनेच सांगितलं.

ऑफिस रिकामं झाल्यावर
मी तेच सगळ्या तारखांना विचारलं.
पडदा खाली खाली सरकत गेला.
एकेचाळीस आया.
कुणी खिडकीवरून परत गेल्या असतील,
कुणी अजून यायच्या असतील,
मला काय ठाऊक.

यादी छापायला टाकली.
प्रिंटर जुना,
एक कागद ओढायचा आणि थांबायचा.
मी शेजारी उभा राहून
पुढचा देत राहिलो.