अभिलेख उपलब्धतेच्या अधीन

तळमजल्यावर, शवागाराच्या अलीकडच्या दारात
मढवी मॅडमच्या टेबलाच्या काचेखाली दरपत्रक आहे.
केसपेपर पाहणे, प्रति नग पन्नास.
क्ष-किरण फिल्म पाहणे, प्रति नग शंभर.
छायाप्रतीचे वेगळे.
मला चारशे बारा फिल्म हव्यात.
मॅडम कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवतात,
हळूच, किडक्या दातापुढे आरसा धरावा तसा.

"कंपनी कुठली?"
कंपनी नाही. मीच.
"मग प्रायोजकाच्या रकान्यात 'लागू नाही' लिहा.
पण 'लागू नाही' लिहिलं की पावती फुटत नाही."

विषय तसा साधा.
तुर्भ्याच्या खाणीत खडी फोडणारी माणसं
टीबीच्या गोळ्या खातात. सहा महिने, मग परत आठ.
बेडक्यात जंतू काही सापडत नाही.
मला वाटतं, छातीत दगड आहे.
मला वाटतं, याला कोणी काही देत नाही,
म्हणून फिल्म.

नीतिमत्ता समितीची पहिली बैठक गणपूर्तीअभावी तहकूब.
दुसरीला सगळे निवडणुकीच्या ड्युटीवर.
तिसरीला कळलं, समितीतली सामान्य व्यक्ती
(नियमानं एक सामान्य व्यक्ती लागते)
दिवाळीतच वारली.
नेरूळचे निवृत्त मुख्याध्यापक होते, गव्हाणकर सर,
अर्ज लाल पेनानं तपासायचे म्हणे.
नव्या व्यक्तीचा प्रस्ताव वर गेला.
बेलापूरपासून दिघ्यापर्यंत
एक सामान्य व्यक्ती मिळायला
सात महिने लागले.

मधल्या काळात ड्राफ्ट एकदा परत आला,
नावात 'महानगर' राहिलं होतं.
आईनं फोनवर विचारलं, "परत फी? कसली गं, परीक्षेची?"
म्हटलं, नाही. बघायची.

मग पत्र आलं. जावक क्रमांक, गोल शिक्का,
*परवानगी देण्यात येत आहे, अभिलेख उपलब्धतेच्या अधीन राहून.
भरलेले शुल्क परत मिळणार नाही.*
पत्र घेऊन जिना उतरले तर रॅक रिकामे.
पत्र्यावर गंजाच्या रेघा,
जिथं जिथं पाकिटं उभी होती तिथं तिथं.
गोवारी शिपाई म्हणाला, "मार्चमध्येच निर्लेखन झालं की.
चांदी निघते ना त्यातनं. किलोवर गेलं."
काय किलो?
"दोनशे दहा."
चारशे बारा किती भरतील?
त्यानं हातानं हवा तोलली. "दहाएक किलो."
मी एक्केचाळीस हजार दोनशे भरले होते.

तुर्भे स्टोअरच्या मागे मुनव्वरच्या गाळ्यात
निळ्या पिंपात फिल्म भिजत पडल्या होत्या.
त्यानं एक वर काढली, पाणी निथळू दिलं.
बरगड्या नाहीत, नाव नाही, तारीख नाही,
पलीकडे मुनव्वरची मिशी स्वच्छ दिसत होती.
"साडीच्या खोक्याला खिडकी असते ना, मॅडम,
ती ह्याचीच."
चांदी कुठंय म्हटलं, तर बरणीतला चिखल दाखवला.

हे सगळं मी यल्लप्पा धोत्रेला का सांगितलं, माहीत नाही.
गोळ्यांच्या रांगेत होता. ऐकताना दोनदा थांबून खोकला.
पुढच्या मंगळवारी आला तो
सिमेंटच्या गोणीत गुंडाळून फिल्म घेऊन.
त्याची नव्हे, थोरल्या भावाची, दुर्गप्पाची,
गेला त्याला बारा वर्षं झाली.
चार कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं, कडा उन्हानं पिवळ्या.
मी लाइटबॉक्स लावला.
वरच्या भागात दोन्हीकडे बारीक बारीक दाणे,
चाळणीतून खडीची भुकटी पडावी तसे,
अजून तिथंच.

"ठेवा," म्हणाला. "ह्याचे पैसे नाहीत."
माझ्या अर्जात अशा फिल्मला रकाना नाही.
नग एक, मी पेन्सिलीनं लिहिलं.
मग विचारलं, इतकी वर्षं कुठं होती ही?
"खिडकीला. काच परवडत नव्हती.
आता पुठ्ठा लावलाय,
पण सुरुंग उडला की फटीतनं धूळ येते थोडी."