चोवीस जूनची पावती

आईने नाव ठेवलं स्कैद्रीते. म्हणजे नितळ.
आमच्या लाटव्हियन भाषेत रोख रकमेलाही
नितळ पैसा म्हणतात;
तीस वर्षं मी त्याच पैशाचा गाळ उपसते आहे.

लिएपायाचं बंदर, जानेवारी.
धुरावलेल्या माशांचे डबे भरणारा कारखाना.
मला दिलेली खोली पूर्वी मिठाची होती,
भिंतीला टेकलं तर कोपर पांढरं होतं.
अकरा वर्षांच्या कीर्दी, चौतीस खोकी,
खोक्याला सील, सीलला नंबर,
नंबरासमोर माझी सही, वेळ,
आणि रात्री चावी कोणाकडे होती त्याची नोंद.
कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो:
बाई, हे कागद मधल्या काळात कुठे झोपले होते?

आकडे खोटं बोलत नाहीत म्हणतात.
बोलतात. पण त्यांना ते जमत नाही,
चोरून पिऊन घरी आलेल्या पोरासारखे
जरा जास्तच सरळ चालतात.
खऱ्या खर्चाला सुरकुत्या असतात: ४१७.३८, ९२.०६.
खोटं लिहिणारा शून्यावर टेकतो,
नाहीतर शून्य टाळायचं म्हणून
पुन्हा पुन्हा साताकडे जातो.
मला त्या सातांनी थांबवलं.
मग दिसलं, डबे कमी, झाकणं जास्त,
एका वर्षात साठ हजार जास्त.
इतकी झाकणं! मग झाकलं काय?

आणि ती पावती.
मीठ, बारा टन, पोचलं, मोजून घेतलं.
खाली तारीख, चोवीस जून.

चोवीस जूनला आमच्याकडे कोणी मीठ मोजत नाही.
आदल्या रात्री शेकोट्या,
डोक्यावर ओकच्या पानांची कडी,
शहाजिऱ्याचं चीज, बिअर, उजाडेपर्यंत जागरण.
दुसऱ्या दिवशी ट्रकवाला झोपलेला असतो,
काटेवाला झोपलेला असतो,
काटासुद्धा.
फक्त एक माणूस जागा होता, टेबलाशी.

मीठ पुरवणाऱ्या कंपनीच्या पत्त्यावर गेले.
बर्चची पाच झाडं, एक मोडकी सायकल.
फोटो काढले. झाडं मोजली होती, सवयीने.

रोखपाल झिग्फ्रीड्स पूत्से, वय एकसष्ट.
स्वेटरच्या कोपराला ठिगळ.
मला चहा देताना
त्याचा कप बशीवर वाजला नाही.
पैसे कशाला लागले, मी विचारलं नाही.
ते विचारायला दुसरे आहेत.
माझ्या अहवालात चोर हा शब्द नसतो.
तफावत असते, पुष्टी न झालेला व्यवहार असतो,
आणि शेवटी एक बेरीज:
दोन लाख अठरा हजार चारशे सहा युरो.

पण ताळा जुळेना.
हातचा कुठेतरी राहिला होता.

तीन रात्री गेल्या. सापडलं ते उलट्या बाजूला, जमेत.
दर डिसेंबरात, 'किरकोळ' या नावाखाली
कुणीतरी भरलेले
तीनशे दहा, एकशे पंच्याऐंशी,
एका वर्षी फक्त चाळीस.
नऊ वर्षं.
पूत्सेच्या स्वतःच्या पगाराच्या खात्यातून.

सरकारी वकील मेल्डेरिस म्हणाला,
हे कशाला? दोन लाखांपुढे ही खसखस.
न्यायाधीश उगाच विरघळतील.
माझी फी त्याचं ऑफिस देतं, हे तो बोलला नाही,
फक्त खुर्चीत मागे रेलला.
म्हटलं, तुमच्याकडून आले आहे,
तुमच्या बाजूने नाही.
जमा ती जमा.

ते परिशिष्ट. नऊ ओळी, एकही विशेषण नाही.

साक्षीत दोन्ही वाचलं, एकाच आवाजात.
मोठ्या रकमेवर थांबले नाही,
लहान रकमेला हळवी झाले नाही.
पूत्सेने दिवसभरात एकदाच मान वर केली,
नेमकी चाळीसला.

त्या वर्षी त्याच्या घरी काय झालं होतं
ते कागदांत नाही.
मीही लिहिलं नाही.