सर्व ऋतूंसाठी

ट्रान्सपोर्ट नगरात राठौरच्या दुकानी
टायर छतापर्यंत रचलेत, विहिरीचं कडं उपसून उभं केल्यासारखे,
आणि ऋजुता विचारते, काका, यातला कुठला?

तीस वर्षं मी विमा कंपनीचा सर्व्हेअर.
गाड्या मी कायम खालून वर पाहिल्या.
आधी रस्त्यावरचे काळे ओरखडे, मग चाकं,
मग काच, आणि सगळ्यात शेवटी
उभा असलाच तर, ड्रायव्हर.
तो म्हणायचा, गाय आडवी आली.
टायर काही म्हणायचा नाही.

आताही गुडघा टेकतो, तो कुरकुरतो,
कडेच्या रबरावर बोट फिरवत वाचतो:
दोनशे पंच्याहत्तर, पंचेचाळीस, एकवीस.
मग लंबगोलात चार आकडे, आठवडा आणि साल.
तेविसावा आठवडा. म्हणजे हा जून लागताना जन्मला,
कुठल्यातरी गावात, जिथे जूनमध्ये लोक
मुद्दाम उन्हात जाऊन बसतात.

शेजारी तीन शिखरांचा डोंगर, पोटात हिमकण.
"बर्फातही चालेल," राठौर सांगतो,
जणू बर्फ तोच पुरवणार आहे.
ग्वाल्हेरात मी शेवटचा बर्फ पाहिला
तो मुरारला, रसवाल्याच्या गाडीवर, गोणपाटात.

आमचे ऋतू या टायरवर कुणी कोरले नाहीत.
मे महिन्यातलं डांबर, चप्पल धरून ठेवणारं.
जानेवारीत मुरैनाच्या अलीकडचं धुकं,
पुढच्या ट्रकचा दिवा म्हणजे
कुणीतरी विडी ओढतंय, एवढाच.
धूळ, जिला महिना नाही.
आणि लग्नसराई: भर झाशी रोडवर घोडी, बँड,
जनरेटरची हातगाडी, आणि अचानक ब्रेक.

ऋजुता भूल देते. रात्री दोनला फोन येतो,
दतियाला सिझेरियन, पाऊण तासात निघा.
म्हणून ही गाडी, जुनी घेतलेली, जर्मन,
हप्ते तिच्यापेक्षा जास्त जागतात.
टायरलाही ती टेबलावरच्या पेशंटसारखं विचारते:
वजन किती पेलतो, वय किती, तापात काय होतं?
राठौर रुमाल काढतो.
"स्पोर्टवाला घ्या मॅडम, वळणावर चिकटून राहतो."
"आणि थंडीत?"
"थंडीत जरा कडक होतो."
"माझे सासरे पण," ती म्हणते.

तेव्हा मी तिला सांगितलं, अडीच टनांची गाडी,
कातडी सीट, सोळा स्पीकर,
रस्त्याला टेकते ती चारच जागी.
दोन्ही पंजे शेजारी ठेव, तेवढी एकेक जागा.
तिने ठेवले, काउंटरवर, पावतीबुकाच्या बाजूला.
सॅनिटायझरने कोरडे पडलेले हात.
दोघंही थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो.

डबऱ्याजवळची पांढरी गाडी नाही सांगितली.
पुढचे दोन नवे होते, मागचे दोन गुळगुळीत,
मालकाने निम्मेच पैसे वाचवले होते.
मी खाचेत रुपया उभा करून पाहिला,
तो राहिना. आडवा पडला, घरंगळत गेला,
आणि मी तो शोधला नाही.

"चारही बदल," म्हटलं. "हा, सर्व ऋतूंचा.
कशातच पहिला येणार नाही.
मेमध्ये स्पोर्टवाल्याइतका धरणार नाही,
लवकर झिजेल, आवाजही करेल.
पण धुक्याच्या रात्री ओल्या पुलावर
चिडणार नाही."
राठौरने कॅल्क्युलेटरवर आकडा मारला
आणि तो तिच्याकडे वळवला, माझ्याकडे नाही.
तिने ओठ चावला. चार हजार कमी झाले, वर चार व्हॉल्वची टोपणं.
मी सुपारी कातरत बसलो, हवा भरताना.

निघताना बजावलं, पहिले दोनशे किलोमीटर जपून,
नव्या रबरावर साच्याचं तेल असतं.
हो काका, म्हणाली, काच वर करत.

त्याच रात्री फोन आला असणार.
पहाटे साडेतीनला माझ्या उशाशी उजेड पडला:
पोचले. मुलगी झाली, ठीक आहे.
आवाज जरा येतो.