गार

साल्मियात, चौथ्या मजल्यावर
एसीच्या नळीखाली कुंडी.
दिवसभरात टपकेल तेवढंच तिचं पाणी.

उम्म रामेझनं बिऱ्हाड हलवताना दिलं रोप,
म्हणाली, ग़ार.
मला ऐकू आलं गार,
आणि बाहेर एकोणपन्नास.

पान उलटून पाहिलं: मधे एकच शीर.
आपल्या तमालपत्राला तीन असतात.
म्हणजे हे ते नव्हेच,
वासापुरतं लांबचं नातं.

तीन उन्हाळ्यांत वाढलं वीतभर.
जून पानंच खुडायची,
वाळवायची सावलीत,
वर उन्मेषची जाड पुस्तकं ठेवून.

काल मसुराच्या आमटीत एक टाकलं.
उन्मेष म्हणाला, आज काय वेगळंय?
आणि घासात आलेलं पान
ताटाच्या कडेला ठेवलं.

मी बघत राहिले ती शीर
आमटी गार होईस्तोवर.