डावी पापणी

मालपिकाच्या धक्क्यावर पहाटे पाचला लिलाव.
फुको भाव वरून खाली मोजत येतो,
नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी,
गुडघे दुखणारा माणूस जिना उतरतो तसा.
घेणारे बोलत नाहीत.
कुणी कानाची पाळी ओढतं, कुणी टोपी मागे सारतं.
माझी बायको एरमितास डावा डोळा मिटते.
एकतीस वर्षं.
त्या एका डोळ्यावर आमचं छप्पर उभं आहे,
उशियाची नर्सिंगची फी, माझा दमा, सगळं.

त्या मंगळवारी फुको चौऱ्याऐंशीवर होता
आणि तिची पापणी पडली.
मिटली नाही. पडली.
शटर खाली येता येता अर्ध्यात अडकावं, तशी.
त्रेचाळीस पेट्या बांगडा, एरमितास!
ती म्हणाली, मी नाही.
फुको म्हणाला, तू डोळा मारलास.
मी नाही मारला.
पुढची रास आली. डोळा अजून तसाच.
अकरा पेट्या माकूळ, एरमितास!
लोक हसले.
मग बर्फवाल्या ब्राउल्योने तिच्याकडे जवळून पाहिलं
आणि हसू एकेका तोंडातून गळून गेलं.
पेट्यांतले हजारभर मासे तेवढे बघत राहिले.
त्यांना पापण्याच नसतात.

खरं सांगायचं तर
आठवडाभर आधीपासून जेवताना
तिचा तो डोळा मला जड दिसत होता.
मी म्हणालो, दमलीस.
ती म्हणाली, दमले.
आमच्या घरात हा शब्द मिठासारखा,
कशावरही घालतो आणि गिळतो.
काणाडोळा मी केला,
भोगला तिच्या डोळ्याने.

व्हॅनमध्ये तिने बोटाने पापणी उचलून धरली.
दोन दीपगृहं आहेत, म्हणाली.
मग माझ्याकडे वळली.
दोन एलादिओ.
जरा थांबून: एकच जड जात होता.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, दृष्ट लागली,
त्या खालच्या आळीतल्या बाईची.
कोरुन्याच्या इस्पितळात दृष्टीचं यंत्र नव्हतं,
पण डोक्याचं होतं.
अशी अचानक पडली की आधी रक्तवाहिनी बघायची,
डॉक्टर लोदेइरो म्हणाली,
उशियाहून फार तर चार वर्षांनी मोठी.
बाहुलीवर टॉर्च मारला, सरकवला, पुन्हा मारला.
एरमितास त्या नळकांड्यात गेली.
मी तिचे रबरी बूट मांडीवर घेऊन बसलो.
बुटांत खवले होते. मी ते मोजले.
एकशेबारा.

वाहिनी ठीक निघाली.
मग डॉक्टरने हातमोज्यात बर्फ भरला
आणि मिटल्या पापणीवर ठेवला. दोन मिनिटं.
बर्फ! माझ्या बायकोला!
जिचे हात बर्फात आणि थोडेसे माझ्यात गेले.
मोजा काढला.
पापणी वर गेली.
पट्टी लावून मोजली तर चार मिलिमीटर,
पण त्या चारांत मला तिचा अख्खा डोळा परत दिसला,
पिंगट, चिडलेला.

मेंदूतून निरोप निघतो, डॉक्टर म्हणाली,
स्नायूच्या दारात तो घेणारं कुणी नाही.
गारव्यात थोडा वेळ दार उघडतं.
आता दर चार तासांनी गोळी.
नाव लांबलचक आहे. एरमितास त्याला पोस्टमन म्हणते.

फुकोने सौदा रद्द केला नाही.
धक्क्यावर डोळा म्हणजे शब्द, म्हणाला,
आणि संध्याकाळी गपचूप येऊन
माकुळाच्या अकराही पेट्या रोखीने घेऊन गेला.
बांगडा आम्ही खारवला.
अजून खातोय. उशिया वासानेच पळते.

आता ती लिलावात पेन्सिल उचलते.
फुकोला सवय नाही, दोनदा चुकला.
सकाळी दोन्ही डोळे सारखे असतात.
रात्री आठनंतर डावा उतरायला लागतो,
भाव उतरावा तसा, एकेक आकडा.
मी समोर बसून बघतो. हल्ली बघतोच.
बोलता बोलता मला वाटतं, झोपली,
मी आवाज खाली घेतो.
पापणी हलत नाही.
जागी आहे, ती म्हणते,
बोल.