डावी मूठ

फोंड्याच्या पोलीस ठाण्यात हवालदार वेरेकर
फॉर्म माझ्याकडे सरकवतात. कारण?
चौकोन तीन : आत्मसंरक्षण, पीकसंरक्षण, खेळ.
"कुळागरांत रानदुकर येतात मगो?
थंय खूण कर, बेगीन जातलें."

कुळागर काकाने विकलं, त्याला नऊ वर्षं झाली.

पिस्तुलं दोन. दर निवडणुकीला आई ती इथेच जमा करायची,
जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून,
आणि निकाल लागला की पहिल्या बसने सोडवायला यायची.
सगळ्यात राग पंचायतीच्या निवडणुकीचा,
ती नेमकी स्पर्धेच्या तोंडावर यायची.

सुलक्षा खांडेपारकर, पतपेढीत कॅशियर.
शाळेत मास्तरांनी पट्टीने तिचा डावा हात वळणावर आणला.
मग सही उजव्याने, घास उजव्याने,
हळदीकुंकू तर उजव्यानेच.
डावा नुसता सोबत असायचा, बांगड्या सांभाळत.
चाळिसाव्या वर्षी त्याला काम मिळालं.

मूठ अक्रोडाची. तिने स्वतः कानशीने घासलेली,
जिथे कमी पडली तिथे लांबी भरून पुन्हा घासलेली,
रविवारच्या रविवार, मागच्या पडवीत,
आमटी उतू जाईस्तोवर.

काल रात्री दार लावून उचलली.
माझ्या उजव्या हातात ती बसतच नाही,
अंधारात परक्या घराची पायरी लागावी तशी आडवी येते.
डाव्यात धरली, तर एकेक बोट
आपापल्या खोबणीत निमूट जाऊन बसलं.
करंगळी तेवढी पुरली नाही. ती बाबांची.

"लक्ष्य धूसर दिसूं दे गो,
पुढची खूण तेवढी लख्ख ठेव.
श्वास अर्धा सोड. उरलेला कुणाला देऊ नको."
भिंतीवर नेम धरला. तिथे पाल होती.
पाल हलली, आणि मी हात खाली घेतला.

भाऊ मस्कतहून म्हणतो, विकून टाक,
मडगावात एक डीलर आहे, चांगला भाव देतो.
हरकत नाही. खरंच हरकत नाही.

पण पेटीच्या तळाशी टार्गेटांचा गठ्ठा निघाला.
पुठ्ठा बरा असतो म्हणून ती जपायची.
समोर काळं वर्तुळ, नऊ-दहाच्या आसपास दाटीने भोकं.
पाठीमागे उजव्या हाताच्या वळणदार अक्षरात
वाणसामान : सोलां, गूळ एक किलो,
खोब, मग भोक, मग रेल.
भोक आलं की शब्द थांबायचा,
पलीकडे जाऊन पुन्हा सुरू व्हायचा.
एक अक्षर आत पडलेलं नाही.

वेरेकर पेनाने काच वाजवतात. कारण?
मागे कुणीतरी खोकतं, पासपोर्टवाला असावा.
मी फॉर्म उलटा करते.
मागची बाजू कोरी आहे.